तिच्या गाडीतलं तेल

तेल बोटावर पाहायचं असतं, असं मला माझ्या उस्तादानं शिकवलं. अंगठा आणि पहिलं बोट, मधात एक थेंब. हळू चोळायचं आणि बोटं दूर करायची. तार लांब सुटली तर तेल चांगलं. लगेच तुटली तर ते तेल नाही, पाणी. डबीवर काय छापलं ते पाहायची गरज नाही. मला ते फार सोयीचं होतं, कारण माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मराठी वाचतो, लिहितो, पण हळू. इंग्रजी अक्षरं मला तारेवर बसलेल्या चिमण्यांसारखी सगळी सारखीच दिसतात. म्हणून माझं सगळं बोटावर.

बत्तीस वर्षं मी जीप चालवली. बोरी अरबहून दारव्हा, तिथून यवतमाळ, लगीनसराईत जिकडं वऱ्हाड जाईल तिकडं. उस्तादाचं ऐकलं नाही की काय होतं, ते एकदाच भोगलं. मे महिना होता. राजूरला, कोळशाच्या खाणीवाल्या, एक लग्न होतं. तेल कमी होतं म्हणून रस्त्यात दुसऱ्या एका ड्रायव्हरकडून मिळालं ते ओतलं. पातळ होतं. बोटाला कळलं होतं, पण घाई होती. राजूर थोडं राहिलं आणि इंजन असं वाजायला लागलं, जसा कोणी आतून डबा बडवून राह्यला. मग जाम. बाया डोक्यावर पदर घेऊन उन्हात उतरल्या आणि नवरदेव मुंडावळ्या धरून एका ट्रकच्या केबिनमध्ये बसून मांडवात गेला. उस्तादानं चार लोकांसमोर विचारलं, "काय ओतलं होतं बे? सरबत?"

त्या दिवसापासून मी गाढं तेल धरलं. वीस-पन्नास. आमच्याकडचं ऊन तसं, इंजन जुनं, रिंगा झिजलेल्या. अशा इंजनात पातळ तेल थांबत नाही, जळून धूर होऊन जातं. जीपमध्ये माझं तेल बरोबर होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे सांगणार आहे त्यात माझं एकही बरोबर नाही.

आमच्या घरी बैल होते तोवर पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी होत असे. तूप-हळद कोमट करायची, पळसाच्या पानानं बैलाच्या खांद्याला, जिथं वर्षभर जू बसते तिथं, चोळायची, आणि बैलाला सांगायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायले या. ती लग्न होऊन आली तेव्हा बैल विकून झाले होते आणि अंगणात जीप उभी होती. पहिल्याच वर्षी ती वाटी घेऊन बाहेर आली.

"खांदा कुठं हाय हिचा?"

"कोणाचा?"

"जीपचा. वर्षभर हिनंच ओढलं ना आपल्याले?"

मी हसलो, पण बोनट उघडून दिलं. तिनं इंजनाच्या डोक्यावर हळदीचं बोट टेकवलं, आवतण दिलं आणि मला म्हणाली, "वरून मी लावलं. आतून तुमी लावा." तेव्हापासून खांदशेकणीला तेल बदलायचं, हा आमच्या घरचा नेम झाला. जीपचं तेल वर्षात तीन-चारदा बदलावं लागे, पण त्या दिवसाचं कधी चुकलं नाही.

ती दहावी पास होती. गावात अंगणवाडी सांभाळायची. कागद आला की ती वाचणार आणि मी सही करणार, असं आमचं चाले. मला त्याचा कधी कमीपणा वाटला नाही, कारण घराबाहेर पडलं की चाक माझ्या हातात होतं.

मग माझ्या डोळ्यात मोतीबिंदू आला, ऑपरेशन होऊन दिसायला लागलं तोवर जीपचाही वकूब संपला. जीप भंगारात गेली. तिला ओढून नेलं तेव्हा मी बाहेर निघालो नाही. एक फटफटी होती, पण हिचे गुडघे दुखायचे, पाय टाकून मागं बसता येत नसे. महिन्याला दारव्ह्याची मीटिंग, अधूनमधून यवतमाळ. तिनं मला न विचारता एक दिवस स्कूटर बुक केली, आपल्या नावावर. साठीला टेकलेली बाई.

बाजाराचा वार सोडून एक दिवस बाजाराच्या मैदानात मी तिला शिकवायला नेलं.

"ब्रेक!" मी मागून ओरडलो.

"कोणता?"

"दोन्ही!"

भाजीवाल्यांच्या ओट्याला जाऊन टेकली. पडली नाही. उतरून आधी गाडीला हात लावून पाहिलं, मग आपल्या गुडघ्याला. आठ दिवसांत ती मला मागं बसवून दारव्ह्याला गेली. पानठेल्यावर बसणाऱ्यांना तर सणच झाला.

"काय वो काका, लायसन जप्त झालं काय? मागं बसून राह्यले!"

तिनं गाडी न थांबवता उत्तर दिलं, "लायसन हाय त्यायचं. गाडी नाही."

सगळे हसले. मी पण हसलो. घरी येईपर्यंत तोंड मात्र कडू होतं.

स्कूटर आल्यावरची पहिली खांदशेकणी आली. तिनं दारव्ह्याहून तेलाची बाटली आणून ठेवली होती आणि गाडीसोबत आलेलं पुस्तक काढलं. ते पुस्तक ती पिठाच्या डब्यावर, प्लास्टिकच्या पिशवीत, रेशन कार्डाच्या सोबत ठेवायची.

"दहा डब्ल्यू तीस," ती म्हणाली. "हेच टाकायचं. लिहिलं हाय."

"कोणी लिहिलं?"

"ज्यायनं गाडी बनवली त्यायनं."

"त्यायले म्हणा, मे महिन्यात बोरीले येऊन पाहा." मी बाटली फोडली नाही, नुसती हलवून पाहिली. आत पाणी हलावं तसं हललं. "हे तेल हाय? हे तर शिलाई मशिनीचं वाटते."

"डब्ल्यू म्हंजे हिवाळा. पहिला आकडा थंडीतला, मागचा आकडा इंजन गरम झाल्यावरचा. आकडा मोठा, तेवढं तेल गाढं." मग ती घरात जाऊन खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. "ह्याचं पाहा. पुसाच्या थंडीत हे गोठते का नाही? मी बाटली उन्हात ठेवते तेव्हा बाहेर येते ना? तसंच सकाळी गाडीतलं तेल गाढं राह्यलं तर ते वर चढाले टाइम लावते. तोवर लोखंडावर लोखंड घासते. नव्या गाडीत तेल जायच्या वाटाच बारीक राहतात म्हणे."

"इथं कुठचा आला हिवाळा? दोन महिने सकाळी शाल घेतो, तो हिवाळा?"

"जीपचं तुमी पाह्यलं, मी बोलली नाही," ती म्हणाली. "ही गाडी माझी हाय."

एवढं बोलून ती कणीक मळायला आत गेली. मी बाटली घेऊन अंगणात उभा राहिलो.

गोठ्यात जीपच्या वेळचा वीस-पन्नासचा पाच लिटरचा कॅन पडला होता. मी तो उघडला, बोटावर थेंब घेतला, तार वीतभर सुटली. मी तेच तेल तिच्या गाडीत ओतलं.

खरं सांगायचं तर मला इंजनाची तेवढी काळजी नव्हती. थोडी होती. राजूरचा नवरदेव डोळ्यासमोर होता. पण मोठी गोष्ट ही की गाडी तिची, चाबी तिची, पुस्तक तिचं, आणि मी मागच्या सीटवर. फक्त तेल माझ्या हातात राहिलं होतं. ते मी सोडलं नाही.

तिनं आणलेली बाटली सीलबंद तशीच गोठ्यात, बियाण्याच्या टाकीमागं ठेवली. पण ती रिकामी बाटली मागणार, हे मला ठाऊक होतं. तिला कोणतीही रिकामी वस्तू टाकवत नसे. मग मी दारव्ह्याला गेलो आणि एका गॅरेजमधून तशीच रिकामी बाटली मागून आणली. घरी येऊन तिच्या हातात दिली.

"टाकलं ना हेच?"

"मग काय प्यालो?"

तिनं गाडीच्या झाकणाची काडी काढून पुसली, पुन्हा बुडवून पाहिली. तेल बरोबर खुणेपर्यंत होतं. सोनेरी. नवं तेल सगळं सोनेरीच दिसतं. ती खूश झाली. बाटलीचा वरचा भाग सुरीनं कापून तिनं त्यात कढीपत्त्याचं रोप लावलं.

दुसऱ्या वर्षी तेच. त्या बाटलीत ओवा लावला. तिसऱ्या वर्षी कोरफड. चौथ्या वर्षी मोगरा. दरवर्षी मी रिकामी बाटली मागायला गॅरेजमध्ये जायचो. तिथला मेकॅनिक एकदा म्हणालाही, "काका, रिकाम्या बाटल्यायचा धंदा हाय काय?" मी म्हटलं, "बायकोले झाडं लावाची हौस हाय." ते खोटं नव्हतं.

पहिला हिवाळा निघून गेला. बॅटरी नवी होती, दमदार. दुसऱ्या हिवाळ्यात गाडी सकाळी कुरकुरायला लागली. ती मीटिंगसाठी साडेआठला निघायची. सेल्फ दाबला की आतून कण्हल्यासारखा आवाज येई. चालू झाली तर दोन मिनिटं इंजनाच्या डोक्यातला टॅपेट टकटक वाजे, आणि गाडी फाटकाजवळ जाऊन बंद पडे. ती पुन्हा दाबायची. पुन्हा बंद. मी ओसरीत चहाचा कप घेऊन बसलेला असायचो. मला माहीत होतं काय झालं ते? पूर्ण माहीत नव्हतं. पण शंका होती, आणि ती शंका मी चहासोबत गिळत होतो.

"उतर," मी म्हणायचो. "तुले जमत नाही ते. एक्सलेटर जास्त पिळते तू. दे मले."

गाडी स्टँडवर घ्यायची, दहा-बारा किका मारायच्या. तिच्या गुडघ्यांना किक जमत नसे. मग गाडी चालू व्हायची, मी पुढं बसायचो आणि ती मागं. पानठेल्यावरचे लोक आता काही बोलत नव्हते. त्यांना ते बरोबर दिसत होतं.

तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी गाडी तीनदा बंद पडली. तिला मीटिंगला उशीर झाला होता. ती उतरली, पदरानं घाम पुसला. थंडीत तिला घाम आला होता. म्हणाली, "ठेवून देऊ मी आता. माझा हात बसलाच नाही गाडीवर. शिकाचं एक वय राहते." आणि चाबी माझ्या टोपीच्या खिळ्याला अडकवली.

मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं. एका वाक्याचं काम होतं. मी बोललो नाही. उलट मला बरं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण तसंच वाटलं होतं.

त्यानंतर ती गाडीवर पुढं बसली नाही. बहिणीकडं जायची ते कमी झालं, कारण माझ्या मागं लागावं लागे. तरी पुढच्या पोळ्याला तेलाची बाटली तिनंच आणली. "गाडी तर माझीच हाय ना अजून," म्हणाली.

ती गेली पौषात. यवतमाळच्या दवाखान्यात तीन दिवस होती. हृदयाचा आजार. गाडीचा त्याच्याशी काही संबंध नाही, अँब्युलन्स वेळेवर आली होती आणि डॉक्टरांनीही केलं तेवढं केलं. जे झालं नाही ते मी अंगावर घेणार नाही. जे केलं तेवढं मला पुरतं.

मला एकच मुलगी. केळापूरकडं दिली आहे. उपकेंद्रात नर्स आहे. आषाढात तिचा फोन आला.

"बाबा, आईची गाडी मी नेते. माही गाडी आता रस्त्यात उभी राहते."

"ने ना. तुयीच हाय."

"मले पोडावर जावं लागते, कोलाम लोकायच्या वस्तीत. लसीचा डबा घेऊन सकाळी सातले निघावं लागते. मधात जंगल हाय, फोन लागत नाही. गाडी भरोशाची पाह्यजे."

"भरोशाची हाय," मी म्हणालो. फोन ठेवला आणि तो शब्द घरात तसाच राहिला.

खांदशेकणीच्या दिवशी ती येणार होती. पोळा आमच्याकडं यंदा नव्हता, वर्षाचं दुःख. पण तिला त्या दिवशी सुट्टी होती. त्याच्या आधी गाडी दाखवून आणावी म्हणून मी दारव्ह्याला नेली, त्याच गॅरेजमध्ये. मेकॅनिकनं इंजन ऐकलं, झाकणाची काडी काढली आणि थेंब बोटावर घेतला. अंगठा आणि पहिलं बोट. माझ्या उस्तादासारखंच. बोटं दूर केली. तार सुटली ती सुटतच गेली.

"काका, हे कोणी टाकलं? तेल हाय का डांबर?"

"चांगलं गाढं हाय."

"ट्रॅक्टरले चांगलं हाय." त्यानं इंजनाचं वरचं कव्हर खोललं आणि मला जवळ बोलावलं. "हे पाहा. घासलं. रोज सकाळी हे कोरडं फिरलं. तेल वर येईपर्यंत गाडी आपलं अंग झिजवत बसली. कडक थंडीत सेल्फ वढतच नसंन हिचा."

"जाईन का गाडी?"

"आता जाईन. पण पुढंही हेच टाकलं तर एखाद्या सकाळी कुठं तरी उभी राहीन. बदलून देऊ काय?"

"मी घरी बदलतो," मी म्हणालो. "तेल हाय माझ्याकडं. तीन-चार वर्षांचं हाय, चालते?"

"सीलबंद असंन तर चालते." मग माझ्याकडं पाहून राहिला. "म्हंजे बाटली घरी होती? मग रिकाम्या कायले नेत होते?"

मी कव्हर बसवायला सांगितलं.

तरी माझं मन म्हणत होतं, मेकॅनिक कालचा पोरगा आहे, त्याला काय कळतं. मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मानत नाही. घरी आलो, टाकीमागच्या चार बाटल्यांतली सगळ्यात जुनी फोडली. दोन स्टीलच्या वाट्या घेतल्या. एकीत तिचं तेल, दुसरीत माझं. दोन्ही फ्रीजमध्ये ठेवल्या, तिनं घातलेल्या लिंबाच्या लोणच्याजवळ. ते लोणचं मी अजून संपवलं नाही. ती असती तर दोन्ही वाट्या माझ्या अंगावर फेकल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाट्या काढल्या आणि दोन्ही एकाच वेळी ताटात कलत्या केल्या. तिचं तेल सरळ निघालं आणि ताटभर पसरलं. माझं तेल वाटीच्या काठापर्यंत आलं आणि तिथंच काकवीसारखं लोंबून राहिलं. तिचं सगळं उतरलं तेव्हा माझं अर्धंही आलं नव्हतं.

मी ओट्याशी उभा होतो, पण मला फाटक दिसत होतं. ती सेल्फ दाबून उभी आहे, आणि इंजनाच्या डोक्यात काही पोहोचत नाही. आणि मी चहा पिऊन राह्यलो. वाट्या मी तीनदा घासल्या. तरी वास गेला नाही.

खांदशेकणीच्या दिवशी मुलगी दुपारच्या एसटीनं येणार होती. सकाळी माझ्या मनात आलं की ती यायच्या आत तेल बदलून टाकावं. उरलेल्या बाटल्या गोणीत भरून नाल्याकडच्या खड्ड्यात टाकाव्या. कोणाला कळणार? अंगणात चार कापलेल्या बाटल्यांत झाडं उभी होतीच, माझ्या बाजूनं साक्ष द्यायला बसलेली. मी बाटल्या गोणीत भरल्याही. गोणी फाटकापर्यंत नेली. तितक्यात मुलगीच रस्त्यानं येताना दिसली. आधीची एसटी मिळाली होती. मी गोणी भिंतीशी टेकवून ठेवली.

जेवण झालं. ती गाडीजवळ गेली. सीटवरची धूळ पुसली, बसून पाहिलं, हँडलवर हात ठेवले.

"बाबा, तुमी रागावू नका," ती म्हणाली, "पण मले भेव वाटते ह्या गाडीचं. आई फोनवर म्हणे, माझा हात बसला नाही. इतकी हुशार बाई, तिचा नाही बसला. मी एकटी जंगलातून जाते. मायाही नाही बसला तर?"

मी उभाच होतो. मुलगी खाली पाहून बोलत होती. मी भिंतीशी ठेवलेली गोणी आणली आणि बाटल्या तिच्यासमोर, झाडांच्या ओळीशेजारी मांडल्या. तीन सीलबंद, एक फोडलेली.

"हे काय?"

"तुया मायनं आणलेलं तेल. दरसाल एक."

ती बाटल्या पाहू लागली, मग झाडं पाहू लागली. एक, दोन, तीन, चार.

"मग ह्या कोणच्या?"

"गॅरेजमधून मागून आणल्या. रिकाम्या. तिले दाखवाले."

"अन् गाडीत?"

"जीपचं तेल. वीस-पन्नास. त्यानंच गाडी हिवाळ्यात अडे. तिचा हात बसला होता, पोरी. चांगला बसला होता. आठ दिवसांत मले मागं बसवून दारव्ह्याले घेऊन गेलती ती."

मुलीनं एका बाटलीच्या सीलवर अंगठा फिरवला. मग विचारलं, "तिले सांगितलं?"

"नाही."

"दवाखान्यात?"

"नाही."

"काहून बाबा?"

"तिथं तेलाची गोष्ट कोण काढते?" मी म्हणालो. मग म्हणालो, "लाज वाटे. गाडी तिची होती ना."

ती उठून घरात गेली. मला वाटलं, पिशवी घेऊन निघते आता. ती बाहेर आली तेव्हा हातात प्लास्टिकच्या पिशवीतलं पुस्तक होतं. मी त्या पुस्तकात तिची आई गेल्यावर पुष्कळदा पाहिलं होतं. वाटे, तिला कळलं असेल, कुठं तरी पेन्सिलीनं काही लिहून ठेवलं असेल. काही नव्हतं. फक्त तेलाच्या आकड्याखाली एक रेघ होती. तिला कळलं नव्हतं. ती माझ्यावर विश्वास ठेवून गेली.

मुलीनं ते पान काढलं. आईसारखंच बोट ठेवून वाचलं, "दहा डब्ल्यू तीस." मग म्हणाली, "काढा ते."

मी खाली बसून नट खोलला. जुनं तेल निघालं, काळं, जाड, घाई नसलेलं. थेंब थांबेपर्यंत आम्ही दोघं पाहत राहिलो. मी नट आवळला आणि बाटलीकडं हात केला. तिनं बाटली उचलून घेतली.

"तुमी नका टाकू," ती म्हणाली. "मी टाकते."

आवाज मोठा नव्हता. पण मला तो कळला. आयुष्यभर ड्रायव्हर म्हणून मिरवलेल्या माणसाला त्याची मुलगी तेल ओतू देत नव्हती, आणि ती बरोबर होती. मी बाजूला सरलो. तिनं सगळ्यात शेवटच्या वर्षाची बाटली निवडली, सील तोडलं, सांडू न देता ओतलं. काडी स्वतः पुसली, स्वतः पाहिली. मला दाखवली नाही. मग सेल्फ दाबला. गाडी पहिल्याच दाबात लागली. त्यात मोठं काही नाही, श्रावणात कोणतीही गाडी लागते.

हळदीची वाटी मी काढली नाही. सण नव्हता. मुलीनं मात्र विचारलं, "आई काय म्हणे हो जीपले?" मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली. मी म्हटलं, टेम्पोत टाकून ने, लांबचा पल्ला आहे. "आई असती तर चालवतच नेती," ती म्हणाली. उरलेल्या सीलबंद बाटल्या सीटखालच्या डिक्कीत ठेवल्या. मोगऱ्याची बाटली पायाजवळ ठेवली. वळून पाहिलं नाही.

त्यानंतर फोन कमी झाले. पहिले ती एक दिवसाआड करायची. आता आठवड्यातून एकदा, तब्येत कशी, जेवले का, ठेवते. अंगणातल्या तीन बाटल्यांना पाणी घालतो.

यंदा थंडी लवकर पडली. मागच्या आठवड्यात खोबरेल तेल गोठलं. मी बाटली उन्हात ठेवायला उठलो, तितक्यात फोन वाजला. सकाळचे सात वाजले नव्हते. मुलीचा होता. मी काय झालं, काय झालं म्हणत होतो, पण ती बोलेना. वारा ऐकू येत होता. मग सेल्फचा आवाज आला, एकच, आणि इंजन लागलं.

मी फोन कानाशी दाबून धरला. टॅपेट ऐकत राहिलो. पूर्ण दोन मिनिटं ऐकलं. वाजत नव्हता.

"ऐकलं?" ती म्हणाली.

"ऐकलं."

"एका दाबात लागली. लय थंडी हाय इकडं."

"शाल घेतली का?"

"घेतली. जाते आता."

फोन बंद झाला. मी खोबरेलची बाटली ओसरीवर उन्हात ठेवली आणि ते तेल सुटेपर्यंत तिथंच बसून राहिलो.